न दिसणारी जखम : सैनिकाची नस, मणका आणि पेन्शनचा दीडशे वर्षांचा वाद

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात माजी सैनिक असलेली घरं गावोगाव आहेत. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. अशा अनेक घरांत कपाटात किंवा जुन्या लोखंडी ट्रंकेत एक फाइल जपून ठेवलेली असते. त्यात मेडिकल बोर्डाचा एक कागद असतो. आजाराचं नाव, अपंगत्वाची टक्केवारी आणि त्यापुढे दोन प्रश्न. हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला का? सेवेमुळे बळावला का? बऱ्याच कागदांवर या दोन्ही प्रश्नांपुढे एकच शब्द असतो : 'नाही'.

गोळी लागून पाय गेलेल्या जवानाला या दोन प्रश्नांची फारशी भीती नसते. ज्याची नस दबली आहे, पायाला मुंग्या येतात, मांडीपासून घोट्यापर्यंत कळ जाते, कंबर वाकत नाही, त्याचं मात्र सगळं या दोन 'नाहीं'वर अडतं. त्याची जखम बाहेरून दिसत नाही. मग तो म्हणतो ते खरं मानायचं का? आणि शंका आली तर तिचा फायदा कुणाला द्यायचा, सैनिकाला की सरकारला?

हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. तो अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी सोडवला गेला, आणि तरी पुरता सुटलेला नाही. आजच्या लेखात त्याचा इतिहास पाहूया. शेवटी घरातल्या त्या फाइलीकडे कसं बघायचं, तेही सांगतो.

जळणारा हात आणि ओला रुमाल

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) नव्या प्रकारच्या बंदुकांच्या गोळ्यांनी हजारो सैनिकांच्या हातापायांना जखमा झाल्या. फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचं एक लष्करी रुग्णालय खास नसांच्या जखमांसाठी चालवलं गेलं. तिथे सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन हे तीन डॉक्टर काम करत होते.

त्यांच्यापुढे विचित्र रुग्ण आले. जखम भरून आलेली, हाड जुळलेलं, तरी हात आगीत धरल्यासारखा जळतो. कातडी तुळतुळीत आणि लाल. हे सैनिक हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. काहीजण बुटात पाणी ओतून चालत. कुणी शेजारी कागद चुरगाळला तरी कळ वाढायची. या तिघांनी १८६४ मध्ये नसांच्या गोळीच्या जखमांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढे या जळत्या वेदनेला मिचेल यांनी 'कॉझॅल्जिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'उष्णतेची वेदना' असा होतो. आज आपण याला 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम'चा दुसरा प्रकार म्हणतो.

हे का होतं? नस म्हणजे एक तार नाही, हजारो बारीक तंतूंची ती दोरी आहे. काही तंतू स्नायूंना हुकूम नेतात, काही स्पर्श आणि वेदना मेंदूकडे आणतात, काही घाम आणि रक्तप्रवाह सांभाळतात. दोरी अर्धवट तुटली की उरलेले तंतू बिथरतात आणि कारण नसताना वेदनेचे संदेश पाठवत राहतात. वरची जखम बरी झाली म्हणून ते थांबत नाहीत.

गंमत म्हणजे याच तीन डॉक्टरांनी त्याच १८६४ साली सोंग घेणाऱ्या सैनिकांवरही एक लेख लिहिला. लढाईतून सुटका व्हावी म्हणून लुळेपणाचं किंवा झटक्यांचं नाटक करणारे कसे ओळखायचे, हा त्याचा विषय. ईथर देऊन गुंगीत जाताना 'लुळा' हात हलतो का, हे ते पाहत. म्हणजे सहानुभूती आणि संशय ही दोन्ही हत्यारं पहिल्या दिवसापासून एकाच डॉक्टरच्या हातात होती. आजही प्रत्येक मेडिकल बोर्डावर हेच चित्र असतं.

त्या वेळच्या अमेरिकी पेन्शन कायद्यात, म्हणजे १८६२ च्या कायद्यात, पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर मिळत. त्यासाठी अपंगत्व सेवेतच आलं, हे त्यालाच दाखवावं लागे. तुटलेला हात स्वतःच पुरावा होता. जळणाऱ्या हाताला साक्षीदार शोधावे लागत.

रेल्वेचा मणका

नसेचा प्रश्न युद्धातून आला, तसा पाठीचा प्रश्न रेल्वेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये रेल्वे अपघात वाढले आणि जखमी प्रवासी कंपन्यांकडे भरपाई मागू लागले. त्यातले काही असे होते की अपघातानंतर चालत घरी गेले, आणि काही आठवड्यांनी पाठदुखी, थरथर, मुंग्या, झोप न लागणं असा त्रास सुरू झाला. बाहेर ओरखडाही नाही.

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ मध्ये यावर व्याख्यानं प्रसिद्ध केली. धक्क्याने मज्जारज्जूला आतून इजा होते, असं त्यांचं म्हणणं. लोक या आजाराला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट बाजू मांडली : मज्जारज्जूत इजा सापडत नाही, हा परिणाम भीतीच्या धक्क्याचा आहे. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हेही लक्षात ठेवा. कोर्टात एका बाजूचा डॉक्टर एरिकसनचं पुस्तक उघडायचा, दुसऱ्या बाजूचा पेजचं.

दोघांचंही थोडं चुकलं, थोडं बरोबर होतं. त्या काळी क्ष-किरण नव्हते (ते १८९५ मध्ये सापडले). मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आणि त्यातून सायटिका होतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी पटवून दिलं, ते तर थेट १९३४ मध्ये. त्याआधी कंबरेच्या कळीने पाय आखडलेल्या कितीतरी सैनिकांना आणि कामगारांना 'संधिवात' किंवा 'कामचुकारपणा' एवढीच निदानं मिळाली असतील, याचा विचार करा.

टक्केवारी आली

पहिल्या महायुद्धात जखमींची संख्या इतकी वाढली की ब्रिटिश सरकारला पेन्शनसाठी वेगळं मंत्रालय काढावं लागलं. अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे तक्ते आले. दोन अवयव गेले तर १०० टक्के, आणि त्याखाली उतरत्या क्रमाने बाकीचं. अपंगत्व सेवेमुळे 'उद्भवलेलं' किंवा 'बळावलेलं' हवं, हा शब्दप्रयोगही याच काळात रुळला.

या युद्धात आपली माणसंही होती. १९१४ च्या हिवाळ्यात हिंदी सैनिक फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात, गुडघाभर थंड पाण्याच्या खंदकांत उभे होते. पाय दिवसेंदिवस गार आणि ओले राहिले की रक्तपुरवठा आटतो आणि पायाच्या बारीक नसा मरतात. याला 'ट्रेंच फूट' म्हणतात. सूज उतरते, बोटं शाबूत राहतात, पण बधिरपणा आणि जळजळ वर्षानुवर्षं टिकू शकते. अशा पायाला तक्त्यात कोणता आकडा लावायचा? तक्ता अवयव मोजत होता, आणि हा अवयव तर जागेवर होता.

जखमी हिंदी सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. ते पुढे पुण्याजवळ खडकीला हलवलं गेलं आणि तिथे आजही चालू आहे.

१९४३ : शंका कुणाच्या पदरात?

या सगळ्या गोष्टीतलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वळण १९४३ मध्ये आलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आजार सेवेमुळे झाला, हे सैनिकाने सिद्ध करायचं असा नियम होता. लोक चिडले. भरती करताना डॉक्टरांनी तपासून 'फिट' म्हणून घेतलं, मग आजारी पडल्यावर 'हे तुझं आधीचंच' असं कसं म्हणता? 'सेवेला फिट, तर पेन्शनलाही फिट' अशी घोषणाच झाली. १९४३ मध्ये सरकारने नियम उलटा केला. सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर राहिलं नाही, आणि रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला देण्याचं ठरलं. त्याच वर्षी अपिलासाठी न्यायाधिकरणांचा नवा कायदा झाला.

१९४७ च्या 'मिलर विरुद्ध पेन्शन मंत्री' या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी 'वाजवी शंका' म्हणजे काय, हे उलगडून सांगितलं. शंका खरीखुरी हवी, कल्पनेतली दूरची शक्यता नको, असा त्याचा आशय. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. फौजदारी खटल्यांत सतत उद्धृत होणारं हे स्पष्टीकरण एका सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनच्या भांडणातून आलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

अमेरिका : वाकून दाखवा

ब्रिटनने ओझं कुणावर, हे ठरवलं. अमेरिकेत पुढची लढाई झाली ती वेदना मोजायची कशी, यावर.

तिथल्या सैनिकाला फार काळ न्यायालयाचं दारच बंद होतं. पेन्शन खात्याने नाही म्हटलं की विषय संपला. वकिलाला १० डॉलरपेक्षा जास्त फी घेता येणार नाही, हा यादवी युद्धाच्या काळातला नियम १९८० च्या दशकापर्यंत टिकला. हेतू चांगला होता, सैनिकाला कुणी लुबाडू नये. परिणाम असा की वकीलच मिळेना. १९८८ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी खास न्यायालय झालं आणि चित्र बदललं.

कंबरेची टक्केवारी तिथे कोनमापकाने ठरते. २००३ पासूनच्या नियमांप्रमाणे माणूस पुढे ३० अंश किंवा त्याहून कमी वाकू शकला तर ४० टक्के, ३० च्या वर आणि ६० पर्यंत वाकला तर २०, ६० च्या वर आणि ८५ पर्यंत वाकला तर १०. पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेची टक्केवारी वेगळी धरतात. वाचायला सोपं आहे. पण सकाळी दहाला, औषध घेऊन आलेला माणूस तपासणीच्या खोलीत एकदा वाकतो आणि ६५ अंश भरतात. तोच माणूस संध्याकाळी ओझं उचलून आल्यावर किंवा दुखणं उसळलेल्या आठवड्यात ३० अंशही वाकू शकत नाही. यातला खरा आकडा कोणता?

१९९५ च्या 'डेलुका' निकालात न्यायालयाने सांगितलं की नुसता कोन पुरेसा नाही. दुखण्यामुळे, वारंवार वापरामुळे आणि दुखणं उसळल्यावर किती हालचाल जाते, हे डॉक्टरने नोंदवलंच पाहिजे. २०१८ च्या 'सॉन्डर्स' निकालाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यात गुडघ्याची वेदना होती आणि निदानाला नाव नव्हतं. न्यायालय म्हणालं, वेदनेमुळे काम करण्याची क्षमता कमी होत असेल तर नाव नसलेली वेदनाही अपंगत्व ठरू शकते. टर्नर्स लेनच्या जळत्या हातांनंतर दीडशे वर्षांनी हे कागदावर आलं.

नसांच्या बाबतीत तिथे दुसरा मार्गही निघाला : गृहीत धरण्याचा. व्हिएतनाममध्ये जंगलं उजाड करायला 'एजंट ऑरेंज' हे रसायन फवारलं गेलं. कुणाच्या अंगावर किती पडलं, हे एकेका सैनिकाने कसं दाखवायचं? १९९१ च्या कायद्यानंतर ठरावीक आजारांची यादी झाली. तिथे सेवा केली आणि यादीतला आजार झाला, की संबंध गृहीत. संपर्कानंतर वर्षभरात सुरू होणारा नसांचा एक आजार १९९६ मध्ये यादीत आला, पण तो दोन वर्षांत बरा झाला पाहिजे अशी अट होती. म्हणजे ज्याचा आजार टिकला तोच बाहेर! ही अट २०१३ मध्ये काढली गेली.

आपल्याकडे : गोळी आणि गादी

आता घरी येऊया. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, मणक्यात गोळी अडकली आणि कमरेखालचं बळ गेलं. १९७२ च्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. मणक्याला अशी इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्रही आहे. तिथल्या जवानाला 'सेवेमुळे का?' असं सहसा कुणी विचारत नाही.

पण वीस वर्षं लष्करी ट्रक चालवलेला, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेला, विमानातून छत्रीने उड्या मारलेला जवान कंबरेच्या गादीचा आजार घेऊन येतो, तेव्हा एक ठरावीक दिवस, एक ठरावीक गोळी दाखवता येत नाही. त्याची नस थोडी थोडी दबत गेलेली असते.

आपले नियम काय सांगतात? लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत अपंगत्व पेन्शनला दोन अटी आहेत : आजार सेवेमुळे उद्भवलेला किंवा बळावलेला हवा, आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त हवं. १९८२ च्या पात्रता नियमांनी ब्रिटनच्या १९४३ ची आठवण यावी अशी भाषा वापरली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला. हा आजार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता असं बोर्डाचं मत असेल, तर त्याची कारणं लिहायची.

नियम इतके उदार, मग भांडण कशाला? कारण कारणांच्या जागी बऱ्याचदा एकच ओळ लिहिली जायची : 'प्रकृतिगत आजार, सेवेशी संबंध नाही.' मणक्याच्या बाबतीत 'वयोमानाची झीज'. काही प्रकरणांत तर बोर्डाने टक्केवारी मान्य केली, पण पेन्शन कार्यालयाने माणसाला न पाहता कागदावर ती खाली आणली. १९९३ मध्ये माजी सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णाला पुन्हा न तपासता कार्यालयाला बोर्डाचं मत फिरवता येणार नाही.

पूर्वी अशा अपिलांसाठी उच्च न्यायालयात जावं लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं आणि २००९ मध्ये ते सुरू झालं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे.

मग आला २ जुलै २०१३ चा 'धरमवीर सिंग' निकाल. हा जवान १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर झटक्यांच्या आजारामुळे, म्हणजे अपस्मारामुळे, तो बाहेर पडला. अपंगत्व २० टक्के, कायमचं. बोर्डाचं मत : प्रकृतिगत, सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ चे नियम एकेक करून वाचले आणि म्हटलं : भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने कारणं दिलेली नाहीत, तर आजार सेवेमुळेच धरला पाहिजे. नियम १९८२ पासून छापलेलेच होते. ते असेच वाचायचे, हे ठरायला तीन दशकं गेली.

या निकालाचा आधार पुढे मणका, नसा, रक्तदाब, मधुमेह अशा असंख्य प्रकरणांत घेतला गेला. २०१४ च्या 'राम अवतार' निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. याचा अर्थ आकड्यांत सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. २० टक्के अपंगत्व ५० धरलं गेलं की हा भाग पगाराच्या १५ टक्के होतो. आणि बोर्डाने २० ऐवजी १५ लिहिलं तर शून्य. दोन आकड्यांमधली ही दरी लक्षात आली की माणसं दहा-दहा वर्षं का भांडतात, ते कळतं.

गाडी एकाच दिशेने चालली आहे असं मात्र समजू नका. २००८ च्या नियमांनी सेवा आणि आजार यांच्यातल्या कार्यकारण संबंधावर अधिक भर दिला. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना २०२३ चे नवे नियम लागू आहेत. म्हणून शेजारच्या काकांना कोणत्या निकालाने पेन्शन मिळाली, हे ऐकून आपलं गणित मांडू नका. आधी सेवेतून बाहेर पडल्याची तारीख बघा.

एमआरआय काय सांगतो, काय नाही

इथे डॉक्टर म्हणून एक मुद्दा नीट समजावतो, कारण दोन्ही बाजू त्याचा चुकीचा वापर करतात.

१९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ लोकांचे कंबरेचे एमआरआय काढले गेले. सगळ्या गाद्या अगदी ठीक असलेले जेमतेम एक तृतीयांश निघाले. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. काहीही त्रास नसलेल्या लोकांत गादीची झीज विशीत ३७ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के जणांना दिसली.

जवान म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एमआरआयमध्ये गादी सरकलेली आहे, हाच पुरावा." तेवढ्याने भागत नाही, कारण अशी गादी न दुखणाऱ्या माणसातही दिसते. बोर्ड म्हणतं, "ही झीज सगळ्यांनाच होते, सेवेचा संबंध नाही." तेही तितकंच अपुरं आहे, कारण झीज सगळ्यांना होते, पण नस दबून पाऊल लटकं पडणं सगळ्यांना होत नाही. नसांचा वेग मोजणारी तपासणीही मोठे तंतू मोजते. वेदना नेणारे बारीक तंतू बिघडले असतील तर ती नॉर्मल येऊ शकते.

खरी गोष्ट काळाच्या क्रमात असते. भरतीला फिट. अमुक वर्षी, अमुक ठिकाणी असताना पहिल्यांदा कळ. मग एमआय रूममध्ये फेऱ्या, हलकी ड्युटी, कॅटेगरी खाली, पुन्हा उंचावरची पोस्टिंग, पुन्हा दुखणं. ही साखळी कोणत्याही एका चित्रापेक्षा जास्त बोलते.

तुमच्या घरातल्या फाइलीसाठी

• बोर्डाच्या कागदात आजाराचं नाव, टक्केवारी, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आणि त्यापुढचा कारणांचा रकाना वाचा. कारण लिहिलं आहे की नुसता शिक्का आहे, हा पहिला मुद्दा.

• भरतीच्या वैद्यकीय तपासणीची नोंद आणि सेवेतली रुग्णालयाची कागदपत्रं मागवा. तारखांप्रमाणे एका पानावर यादी करा : ठिकाण, काम, तक्रार, उपचार.

• आत्ताच्या डॉक्टरकडून नुसतं 'कंबरदुखी' असं प्रमाणपत्र घेऊ नका. कोणती नस, कोणत्या स्नायूचं बळ किती, कुठे बधिरपणा, किती अंश वाकता येतं, दुखणं उसळल्यावर काय होतं, किती वेळ बसता किंवा चालता येतं, हे लिहून मागा. आम्हा डॉक्टरांना घाईत हे लिहायचा कंटाळा येतो. तुम्ही आग्रह धरा.

• त्रास वाढवून सांगू नका. तपासणीत एका जागी अवघड झालेली हालचाल दुसऱ्या जागी सहज झाली की डॉक्टरला ती दिसते, आणि मग खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

• नकाराच्या पत्रात अपिलाची मुदत असते, ती पाळा. बरीच वर्षं गेली असतील तरी निराश होऊ नका. २००८ च्या 'तरसेम सिंग' निकालानुसार दरमहा मिळायच्या पेन्शनचा हक्क केवळ उशिरामुळे सहसा बुडत नाही, मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या, या लेखातून नको.

आणि पेन्शनच्या आधी प्रकृती. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल अचानक लटकं पडलं, तर कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दबलेल्या नसेला अशा वेळी तासांचा हिशोब असतो.

तुमच्या घरात असे कुणी आजोबा, काका किंवा दादा असतील, तर या रविवारी त्यांच्यासोबत ती फाइल उघडून बसा. पहिली कळ कधी आणि कुठे आली, हे विचारा आणि लिहून घ्या. जुन्या पोस्टिंगची ठिकाणं आणि वर्षं त्यांना अजून आठवत असतील, तोवरच हे काम सोपं आहे.